लाल वही आणि स्कॅनर : सक्करदऱ्यातल्या प्रकल्पाच्या नोंदी

९ जानेवारी २०२४

एम.ए. अर्थशास्त्राच्या शेवटच्या सत्राचा प्रकल्प. विषय नक्की झाला: फोनवरून पैसे घ्यायला लागल्यापासून छोट्या किराणा दुकानांतली उधारी कमी झाली का?

यूपीआय २०१६ मध्ये आले, त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटबंदी झाली, आणि आता नागपूरच्या सक्करदऱ्यात पानठेल्यावरही स्कॅनर लटकलेला असतो. माझ्या आत्याचे भांडे प्लॉटमध्ये किराणा दुकान आहे. शाळेत असताना सुट्टीत तिच्या गल्ल्यावर बसून लाल वहीत नावे मीच लिहायचे. त्यामुळे हा प्रश्न मला पुस्तकातून सुचलेला नाही.

गूगल फॉर्म तयार केला. बारा विधाने, प्रत्येकापुढे 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' असे पाच पर्याय. रात्री चार व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. झोपेपर्यंत ३१ उत्तरे आली.

१२ जानेवारी

उत्तरे ११८ झाली. प्रकल्पाच्या मार्गदर्शक मॅडमनी ती बाजूला ठेवायला सांगितली. म्हणाल्या, "ही माणसं कुणाच्या वतीनं बोलतायत, ते एका वाक्यात लिहून दाखव." मला लिहिता आले नाही. माझ्या मैत्रिणी, त्यांचे भाऊ, कुणाचे तरी ऑफिसातले लोक. त्यांत दुकानदार किती, तेही माहीत नाही.

मग त्यांनी १९३६ च्या अमेरिकन निवडणुकीची गोष्ट सांगितली. लिटररी डायजेस्ट नावाच्या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या, आणि त्यांवरून रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार असे छापले. जिंकले रूझवेल्ट, तेही प्रचंड फरकाने. नावे घेतली होती टेलिफोनच्या यादीतून आणि मोटारींच्या नोंदणीतून. मंदीच्या वर्षांत ज्याच्याकडे फोन आणि मोटार आहे तो माणूस कोण असणार? त्यात पत्रिका परत पाठवण्याची तसदी घेणारे वेगळे. वीस लाख आकड्यांनी ती चूक भरून निघाली नाही, तर माझ्या ११८ ने काय होणार.

दुसरे: पाच पर्यायांची पट्टी. मानसशास्त्रज्ञ लायकर्टने १९३२ मध्ये ती मांडली ती माणसाचा कल मोजायला. मला कल नको, वहीत काय लिहिले आहे ते हवे. 'यूपीआयमुळे उधारी कमी झाली आहे' असे छापील वाक्य समोर ठेवले की माणूस भिडेखातर 'सहमत' म्हणतो. फॉर्म बंद केला.

१७ जानेवारी

बुधवार, सक्करदऱ्याचा बाजार. भाजीसाठी सगळे तिकडे, म्हणून संध्याकाळी आत्याच्या दुकानात गर्दी नव्हती. नवी प्रश्नावली तिच्यावर करून पाहिली. पहिलाच प्रश्न.

"आत्या, तू उधारी देतेस?"

"नाही ना गं. कधीचीच बंद करून टाकली."

तिच्या डोक्यावर 'आज नगद, कल उधार' ची पाटी आणि कोपराखाली उघडी वही. मी वहीकडे बोट दाखवले.

"हे? हे तर खातं आहे बेटा. मागच्या गल्लीतले सर, तो पंपावरचा पोरगा, त्या दवाखान्यातल्या ताई. एक तारीख झाली की देऊन टाकतात. उधारी म्हणजे जे बुडवतात ते."

ती खोटे बोलत नव्हती. तिच्या भाषेत ते उत्तर अगदी बरोबर आहे. मी तिची भाची आहे, ती वही मला माहीत आहे, म्हणून मला अडखळायला झाले. अनोळखी दुकानात मी 'नाही' वर खूण करून पुढे गेले असते आणि शेवटी लिहिले असते की सक्करदऱ्यात उधारी जवळजवळ संपली.

घरी येऊन व्याख्या लिहिली: माल आज गेला, पैसे आज आले नाहीत, आणि ते कुठेतरी लिहून ठेवले, अशी प्रत्येक नोंद. 'उधारी' हा शब्द प्रश्नावलीतून पूर्ण काढला. आता विचारायचे, "या आठवड्यात वहीत किती वेळा लिहिलं?" आत्याचे दुकान नमुन्यात येणार नाही. ती आतली माणूस झाली.

२१ जानेवारी

पथदर्शी पाहणी, दहा दुकाने. दहाच्या दहा दुकानांत स्कॅनर. 'स्कॅनर आहे / नाही' हा माझा मुख्य चल, म्हणजे दुकानागणिक बदलेल असे धरलेली गोष्ट होता, आणि तो बदलतच नाही. जे सगळीकडे सारखे आहे त्यावरून दोन दुकानांतला फरक सांगता येत नाही. आठवडाभराच्या वाचनानंतर जे कळले नव्हते ते दहा दुकानांत कळले.

मग 'विक्रीतला किती हिस्सा फोनवर येतो?' हे विचारले. उत्तरे: "अर्धा पकडा", "आता सगळं तेच चालू आहे", "पोरगा पाहतो ते". हे आकडे वापरण्यासारखे नाहीत. ठरले की विचारायचेच नाही. दुकानाच्या बाजूला उभे राहून सलग वीस गिऱ्हाइके मोजायची, रोख किंवा फोन. तो बोलणारा डबा आहेच, रक्कम मोठ्याने सांगतो.

३ फेब्रुवारी

यादी करण्यात चार दिवस गेले. परिसरातल्या किराणा दुकानांची खरी ठरेल अशी यादी कुठेच मिळाली नाही, म्हणून वर्गमित्र आणि मी पायीच फिरलो. सक्करदरा चौकापासून उमरेड रोड, भांडे प्लॉट, आयुर्वेदिक लेआउट, मागे आशीर्वादनगर. घराच्या पडवीत चालणारी दुकाने सापडायला सर्वांत वेळ लागला. त्यांना पाटी नसते. बरण्या आणि पापडाची पाकिटे दिसली की समजायचे.

एकूण १९२. ज्या रस्त्यावरून ऑटो आणि बस जाते तो 'रस्ता', बाकी 'गल्ली'. रस्त्यावर ८८, गल्लीत १०४.

६ फेब्रुवारी

नमुन्याचा आकार. ९५ टक्के विश्वास, दहा टक्के चुकीची मुभा: १.९६ चा वर्ग गुणिले ०.२५, भागिले ०.०१. उत्तर ९६. एकूण दुकानेच १९२ आहेत, ती दुरुस्ती लावली तर ६४ किंवा ६५ पुरतात. तरी ९६ ठेवले, कारण रस्ता आणि गल्ली वेगळे करून पाहायचे तर प्रत्येक कप्प्यात पुरेशी दुकाने हवीत. यादीतले प्रत्येक दुसरे दुकान, सुरुवात नाणे उडवून. रस्त्यावरची ४४, गल्लीतली ५२.

१३ फेब्रुवारी

संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांविषयी वाचले आणि दिवसभर तेच डोक्यात राहिले. १९३० च्या दशकात बंगालमधल्या तागाच्या लागवडीखालचे क्षेत्र मोजताना त्यांनी एकच प्रदेश दोन स्वतंत्र तुकड्यांकडून मोजून घेतला. दोघांचे आकडे जितके वेगळे येतील तितकी मोजणाऱ्याच्या हातची चूक उघडी पडते. सगळा नमुना एकाच माणसाने घेतला तर ती चूक आकड्यांत मिसळून जाते, कुणाला दिसतही नाही. १९३१ मध्ये कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था काढणाऱ्या माणसाला शेताच्या बांधावर उभ्या असलेल्या मोजणीदाराचा असा विचार करावासा वाटला, याचे मला फार मोल वाटते.

आम्हीही तसेच करणार. ९६ चे दोन भाग, ४८ माझी, ४८ त्याची, दोन्ही भागांत रस्ता आणि गल्ली सारख्या प्रमाणात. शेवटपर्यंत एकमेकांचे कागद पाहायचे नाहीत.

सीमारेषाही आजच ठरवल्या आणि तारीख घालून मॅडमना दिल्या. वीसपैकी दहा किंवा जास्त गिऱ्हाइके फोनवर, तर 'फोन जास्त'. आठवड्यात १५ किंवा जास्त नोंदी, तर 'उधारी जास्त'. आकडे पाहिल्यावर रेषा सरकवायचा मोह होतो, तो आधीच बंद.

२० फेब्रुवारी

काम सुरू. वहीतला आठवडा सगळ्यांसाठी एकच धरला आहे, १२ ते १८ फेब्रुवारी. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात खाती फिटतात आणि शेवटी वाढतात, म्हणून प्रत्येकाला 'मागचा आठवडा' विचारला असता तर आज गेलेले आणि पंधरा दिवसांनी गेलेले दुकान वेगवेगळ्या फुटपट्टीने मोजले गेले असते.

आशीर्वादनगरात एका काकांनी विचारले, "काहून लिहून राहिली बाई? जीएसटीवाल्यांकडून आली का?" ओळखपत्र दाखवले, रक्कम नको, नावे नको, फक्त नोंदी किती ते तुम्हीच मोजून सांगा म्हटले. त्यांनी चष्मा लावून बोटाने एकेक ओळ मोजली. बावीस. मग चहा मागवला.

२६ फेब्रुवारी

परवा, २४ तारखेला, घरगुती उपभोग खर्च पाहणी २०२२-२३ ची आकडेवारी सरकारने जाहीर केली. २,६१,७४६ कुटुंबे. दरडोई मासिक खर्च ग्रामीण ३,७७३ रुपये, शहरी ६,४५९. वर्गात सगळे त्या दोन आकड्यांवर बोलत होते. मी पद्धतीचा भाग वाचत बसले. कपडे, टिकाऊ वस्तू अशा खर्चासाठी मागचे ३६५ दिवस विचारतात, भाजी, तेल, अंडी यांसाठी सात दिवस, बाकीसाठी तीस. काल आणलेले तेल माणसाला आठवते, महिन्यापूर्वीची कोथिंबीर नाही. वर्षभरात दोनदा घेतलेली साडी मात्र सात दिवसांत विचारली तर बहुतेक घरांत शून्यच येईल. मागे किती दिवसांचे विचारले यावर देशाचा खर्च वरखाली होतो, आणि त्यावरून गरिबीचा वाद होतो. माझी वीस गिऱ्हाइके आणि सात दिवस याच घराण्यातले आहेत, म्हणून ते पान दोनदा वाचले.

२ मार्च

दुपारी एक ते पाच गल्लीतली दुकाने अर्धी बंद. शटर अर्धे ओढून माणूस आत झोपलेला असतो. वर्गमित्र दुपारीच मोकळा असतो, त्यामुळे त्याच्या यादीत 'बंद' असे शेरे फार झाले. बंद म्हणून सोडायचे तर ज्या घरात दुकान आणि संसार एकाच बाईच्या हातात आहे तीच दुकाने गळतील. नियम केला: तीनदा वेगवेगळ्या वेळी जायचे, त्यानंतरच बदली दुकान.

१२ मार्च

९६ पूर्ण. नऊ दुकानदारांनी नकार दिला, त्यांच्या जागी यादीतले पुढचे घेतले आणि कुठे घेतले ते लिहून ठेवले. वीस-वीस गिऱ्हाइके मोजून पाय दुखतात.

१६ मार्च

कागद एकत्र केले. 'उधारी जास्त': माझ्या ४८ पैकी २५, त्याच्या ४८ पैकी २१. चारचा फरक. काय-स्क्वेअर (फरक निव्वळ योगायोगाचा असू शकेल का हे तपासणारा आकडा) ०.६७, म्हणजे योगायोगाने सहज येईल इतका. महालनोबिसांची आठवण झाली आणि खूप हलके वाटले.

२० मार्च

एक्सेलमध्ये घालण्याआधी मॅडमनी हाताने करायला लावले. फोन जास्त असलेली ४७ दुकाने, त्यांत उधारी जास्त १७, म्हणजे ३६ टक्के. फोन कमी असलेली ४९, त्यांत उधारी जास्त २९, म्हणजे ५९ टक्के. संबंध नसता तर पहिल्या कप्प्यात ४७ गुणिले ४६ भागिले ९६, म्हणजे २२.५ दुकाने यायला हवी होती, आली १७. चारही कप्प्यांचे मिळून काय-स्क्वेअर ५.०९. अशा दोन-दोन कप्प्यांच्या तक्त्याला (एक डिग्री ऑफ फ्रीडम) पाच टक्क्यांची रेषा ३.८४, त्यापलीकडचा आकडा नुसत्या योगायोगाने शंभरात पाचदाच येतो. शून्य गृहीतक, म्हणजे 'संबंध नाही' हे म्हणणे, नाकारले.

नोंदींच्या संख्येचे दोन कप्पे केले की माहिती वाया जाते, ते रिग्रेशनमध्ये (पूर्ण आकडे घेऊन, बाकी गोष्टी धरून संबंध मोजण्यात) परत येईल. पण हा आकडा माझ्या हाताखालून गेला. घरी आईला सांगितले, तिने गोड शिरा केला.

२७ मार्च

धुळवडीच्या सुट्टीनंतर मॅडमना तक्ता दाखवला. त्यांनी पेन्सिलने मधोमध एक रेघ मारली: "रस्ता वेगळा कर, गल्ली वेगळी कर."

रस्त्यावर: फोन जास्त ३३, त्यांत उधारी जास्त ८ (२४ टक्के). फोन कमी ११, त्यांत ३ (२७ टक्के).
गल्लीत: फोन जास्त १४, त्यांत ९ (६४ टक्के). फोन कमी ३८, त्यांत २६ (६८ टक्के).

दोन्हीकडे फरक तीन-चार टक्क्यांचा. ५९ आणि ३६ मधली ती रुंद दरी गेली कुठे? ती फोनची नव्हती, जागेची होती. उमरेड रोडवर थांबणारा माणूस गाडीवरून उतरतो, त्याला कुणी ओळखत नाही, म्हणून त्याचे नाव वहीत चढत नाही, आणि खिशात चिल्लर नसते म्हणून तो फोन काढतो. गल्लीत मूल हातात चिठ्ठी घेऊन येते, "आईनं सांगितलं लिहून ठेवा." एकाच गोष्टीमुळे दोन्ही घडतात, आणि ती बाजूला ठेवून पाहिले की एकामुळे दुसरे घडल्यासारखे दिसते.

संख्याशास्त्रज्ञ यूलने १९०३ मध्ये अशा खोट्या संबंधाकडे लक्ष वेधले होते. १९५१ च्या लेखामुळे त्याला सिम्पसनचे नाव मिळाले. बर्कले विद्यापीठाच्या १९७३ च्या प्रवेशांचे उदाहरण वर्गात झाले होते: एकूण पाहिले तर अर्ज केलेल्या पुरुषांपैकी ४४ टक्क्यांना प्रवेश, स्त्रियांपैकी ३५ टक्क्यांना, आणि विभागवार पाहिले की स्त्रियांविरुद्धचा तो कल उरत नाही. परीक्षेत मी ते पाठ लिहिले होते. वीस तारखेला स्वतःच्या तक्त्यात ते समोर पडले होते, ओळखता आले नाही.

रिग्रेशनमध्येही तेच. 'रस्ता' हा चल घातला की फोनचा गुणक, म्हणजे त्याचा स्वतःचा वाटा, शून्याजवळ येतो.

१ एप्रिल

निष्कर्षाचा मसुदा घेऊन आत्याकडे गेले होते. वाचून दाखवला. सक्करदऱ्याच्या या भागात फोनचा उधारीशी वेगळा संबंध दिसत नाही, असे लिहिले होते. ती तूरडाळ जोखता जोखता म्हणाली, "संबंध कसा नाही? आमच्याकडे तर खातंच फोनवरून फिटतं. आज पाहत बस."

बसले. दवाखान्यातल्या ताईंनी घरूनच पैसे टाकले, डबा बोलला, दोन हजार तीनशे चाळीस. आत्याने वहीत तिरकी रेघ मारली. मग एक मुलगा आला, स्कॅन केले, काही न घेता गेला. बापाचे खाते.

माझ्या वीस गिऱ्हाइकांच्या कागदात त्या मुलाची 'फोन' ची खूण झाली असती. आजच्या मालाचे पैसे आणि मागच्या महिन्याचे खाते, दोन्हींना मी एकाच रकान्यात टाकले आहे. गल्लीतल्या 'फोन जास्त' दुकानांत जे मोजले त्यातले काही उधारीच्या उलट नाही, उधारीच आहे.

२ एप्रिल

कागदांवर तारखा आहेत, हे नशीब. गल्लीतल्या ५२ दुकानांपैकी १८ आम्ही १ ते ८ मार्चच्या दरम्यान मोजली, म्हणजे पगाराच्या आठवड्यात. त्यांतली ९ 'फोन जास्त' निघाली. बाकी ३४ पैकी फक्त ५. अर्धी आणि साधारण सातांत एक.

वहीचा आठवडा सगळ्यांसाठी एक ठेवायचे मला सुचले. गिऱ्हाइके मोजायचा आठवडा मात्र पसरू दिला. एका हाताने जी काळजी घेतली ती दुसऱ्या हाताने सांडली. मॅडमना सगळे सांगितले. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी सादर करायची तारीख महिनाअखेरपर्यंत वाढवून घेतली आणि म्हणाल्या, "आता तुझ्याकडे खरा प्रश्न आहे."

नवा कागद: तीन रकाने. रोख. फोन, आजचा माल. फोन, खाते.

६ एप्रिल

गल्लीतल्या त्या १४ पैकी पाच दुकाने परत मोजली, १०० व्यवहार. या वेळी घरून आलेले पैसेही धरले, म्हणून दर वेळी डबा बोलला की "हे कशाचे?" असे विचारायचे. फोनवर ५७, त्यांतले २१ खात्याचे. पाच दुकाने म्हणजे काहीच नाही, यावरून टक्का काढणार नाही. पण रकाना रिकामा राहिला नाही, एवढे नक्की.

आयुर्वेदिक लेआउटमधल्या एका ताईंचे वाक्य जसेच्या तसे: "आधी एक तारखेला माणूस समोर यायचा, दोन शब्द बोलायचा, पन्नास रुपये मागं ठेवायचा. आता पूर्ण पैसे येतात, माणूस येत नाही." हे कोणत्या रकान्यात जाईल ते ठरले नाही. वेगळ्या पानावर लिहून ठेवले.

८ एप्रिल

शीर्षक बदलले: 'किराणा खात्यांची परतफेड आणि फोन'. उद्या पाडवा, कुणी मोजू देणार नाही. उरलेली नऊ दुकाने १० आणि ११ तारखेला. मग चौदाही दुकाने महिन्याच्या मध्यावर पुन्हा, १५ ते २० एप्रिल. १९ ला नागपूरचे मतदान आहे, तो दिवस सोडून. १७ तारीख बुधवार, बाजाराचा दिवस, तोही सोडून. वर्गमित्राला या वेळी सकाळची पाळी दिली आहे.